मेंदूमृत्यू : तपासणी डॉक्टरांची, प्रश्न आपला



आरोग्याच्या प्रश्नात जन्माच्या बाजूने आपण भरपूर लिहिले, भरपूर भांडलो. गर्भलिंगचाचणी, लादलेली संततिनियमनाची साधने, बाळंतपणातले मृत्यू, गरज नसताना काढून टाकलेली गर्भाशये या सगळ्यांवर आपल्याकडे पुस्तिका आहेत, पथनाट्ये आहेत, घोषणा आहेत. मृत्यूच्या बाजूकडे मात्र आपण फारशा वळलो नाही. तो विषय डॉक्टरांचा, फार तर धर्माचा, असे आपणही गृहीत धरले. या अंकाचे संपादकीय मेंदूमृत्यूवर लिहिते म्हटल्यावर गटातल्या एका मैत्रिणीने विचारलेच, "यात बाईचा प्रश्न कुठे आला?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेले असते. समाजकार्याचे शिक्षण घेऊन रुग्णांच्या नातेवाइकांबरोबर काम करताना ते दार मी रोज पाहते. बाहेर चटईवर बाई बसलेली असते. आई, बायको, बहीण. डबा तिने आणलेला, कपडे तिने धुतलेले, रात्र तिने जागून काढलेली. डॉक्टर बाहेर येतात आणि विचारतात, "पेशंटबरोबर कोण आहे?" मग पुढे होतो तो पुरुष, मग तो तासाभरापूर्वी गावाहून आलेला चुलत दीर का असेना. चार वाक्ये त्याला सांगितली जातात. त्यातले अर्धे वाक्य तिच्यापर्यंत पोचते, "ब्रेन डेड म्हणतायत."

या दोन शब्दांत नेमके काय असते, ते कोण आणि कसे ठरवते, हे आपल्याला ठाऊक असणे गरजेचे आहे. नाही तर मृत्यूच्या दारातही आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्याच राहू.

हा मृत्यू 'नवा' का?

शतकानुशतके मृत्यू ओळखणे सोपे होते. श्वास थांबला, हृदय थांबले, की माणूस गेले. मेंदू, हृदय आणि फुप्फुसे एकापाठोपाठ एक थांबत, म्हणून कोण आधी थांबले हा प्रश्नच नव्हता. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने फुगा दाबत श्वास दिला आणि कित्येकांचे प्राण वाचले. या अनुभवातून पुढे यंत्राने श्वास देण्याचे आणि अतिदक्षता विभागाचे युग सुरू झाले. ती यंत्रे जीव वाचवणारीच आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यांच्यामुळे एक अशी अवस्था निर्माण झाली जी आधी अस्तित्वातच नव्हती. मेंदू पूर्ण निकामी झालेला, पण यंत्र छाती हलवते आहे, म्हणून रक्ताला प्राणवायू मिळतो आहे, म्हणून हृदय चालू आहे आणि अंग ऊब धरून आहे.

१९५९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी या अवस्थेचे पहिले वर्णन केले. १९६८ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या समितीने तिचे निकष मांडले. १९७६ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी मेंदूस्तंभाच्या तपासणीवर भर दिला. मेंदूस्तंभ म्हणजे मेंदूचा देठ. जाणीव जागी ठेवणे आणि श्वास घेण्याची आज्ञा देणे ही कामे इथून चालतात. हा देठ कायमचा मेला की माणूस परत येत नाही. आपल्या देशाने हीच व्याख्या १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात घेतली. तो कायदा सर्वात आधी ज्या राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, हे आपण लक्षात ठेवायला हवे. म्हणजे तीस वर्षे हा कायदा आपल्या दारात आहे, आणि आपण त्याचे एक पानही उघडलेले नाही.

तपासतात काय?

पहिली गोष्ट, मेंदूमृत्यू हा अंदाज नाही. "आता काही आशा नाही" असे डॉक्टरांना वाटणे आणि मेंदूमृत्यू प्रमाणित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासणी सुरू करण्याआधीच काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. मेंदूला इजा कशाने झाली हे नक्की माहीत हवे, आणि ती भरून न येणारी आहे याची खात्री हवी. माणूस खोल बेशुद्धीत आणि यंत्राच्या श्वासावर हवा. अशी अवस्था तात्पुरती आणू शकणारी सगळी कारणे वगळावी लागतात. झोपेची वा भुलीची औषधे, स्नायू शिथिल करणारी औषधे, विषबाधा, अंग फार थंड पडणे, रक्तदाब फार उतरणे, रक्तातील साखर किंवा क्षार बिघडणे, यांतले काहीही असेल तर थांबावे लागते.

ही अट कागदी नाही. आपल्या खेड्यापाड्यांत पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्यांना मण्यार चावते. तिच्या विषाने पापण्या मिटतात, हातपाय लुळे पडतात, श्वास थांबतो, डोळ्यांच्या बाहुल्याही प्रतिसाद देईनाशा होऊ शकतात. वरवर पाहणाऱ्याला तो मेंदूमृत्यूच वाटेल. पण प्रतिविष आणि यंत्राचा श्वास वेळेत मिळाला तर असे माणूस काही दिवसांनी उठून बसू शकते. म्हणूनच कारण आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम मोडता येत नाही.

यानंतर मेंदूच्या देठाची एकेक खूण तपासतात. डोळ्यांत उजेड टाकल्यावर बाहुली आकसते का? बुबुळाला कापसाने स्पर्श केल्यावर पापणी मिटते का? डोके वळवल्यावर डोळे हलतात का? कानात थंड पाणी घातल्यावर डोळे हलतात का? चेहऱ्याच्या भागात वेदना दिल्यावर चेहरा हलतो का? घशात नळी फिरवल्यावर ढास लागते का, खोकला येतो का? शेवटची तपासणी श्वासाची. प्राणवायू चालू ठेवून यंत्र काही मिनिटे बाजूला करतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. त्याचा दाब ६० मिलिमीटरच्या वर गेला तरी छातीने एकदाही स्वतःहून हालचाल केली नाही, तर श्वासाचे केंद्र मेले असे ठरते.

हे सगळे एकदा करून भागत नाही. किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा करावे लागते. आणि हे एका डॉक्टरने करायचे नाही. रुग्णालयाचे प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, आणि मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक, अशा चौघांच्या मंडळाने ठरवून नमुना क्रमांक १० वर सह्या करायच्या असतात. मेंदूचे तज्ज्ञ उपलब्ध नसतील तर त्यांच्या जागी कोण चालेल हे २०११ च्या दुरुस्तीने सांगितले आहे. अवयव काढणाऱ्या वा बसवणाऱ्या चमूतला कोणीही या मंडळात असता कामा नये. ज्याला अवयव हवा आहे त्याने मृत्यू ठरवायचा नाही, इतका हा साधा न्याय आहे.

एक गोष्ट आयांना आवर्जून सांगायला हवी. मेंदूमृत्यूनंतरही कधी बोट हलते, कधी हात किंचित उचलला जातो. ही हालचाल पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून येते, मेंदूतून नाही. हे आधी समजावले नाही तर लेकाचे बोट हललेले पाहिलेली आई आयुष्यभर म्हणत राहते, "तो जिवंत होता, यांनी मारला." तिला अडाणी ठरवणे सोपे आहे. तिला कुणी सांगितलेच नव्हते, हे मान्य करणे अवघड आहे.

अरुणा मेंदूमृत नव्हती

या चर्चेत अरुणा शानबागचे नाव निघतेच. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर पाशवी हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू झाला. मधली एक्केचाळीस वर्षे ती 'मेंदूमृत' होती असे अनेकजण सहज बोलून जातात. ते चूक आहे. ती स्वतः श्वास घेत होती, डोळे उघडत होती, तिच्या मेंदूचा देठ काम करत होता. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती मेंदूमृत नाही हे स्पष्टपणे नोंदवले.

हा भेद शब्दांचा खेळ नाही. बेशुद्धीतून माणूस परत येऊ शकते. जाणीव हरपलेली पण श्वास चालू असलेली अवस्था वर्षानुवर्षे टिकू शकते, आणि ते माणूस जिवंतच असते. मेंदूमृत्यू म्हणजे मात्र मृत्यू. या तिन्हींची सरमिसळ झाली की एकीकडे जिवंत माणसाला मृत म्हणण्याचा धोका, आणि दुसरीकडे मृत देहापुढे उपचारांची आशा विकण्याचा धोका.

आशा विकत घेणारी बाई

दुसरा धोका काल्पनिक नाही. आमच्या सल्ला केंद्रात तालुक्याच्या गावातली एक तरुण मुलगी आली होती. नवरा दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला, खाजगी रुग्णालयात यंत्रावर. तिच्या पिशवीत बिलांची चळत होती. ती म्हणाली, "ताई, सासरे म्हणतात डॉक्टर प्रयत्न करतायत. पण सिस्टरबाई माझ्याकडे बघत नाहीत." आम्ही कागद पाहिले. चार दिवसांपूर्वीच्या नोंदीत मेंदूच्या देठाच्या कुठल्याही खुणा आढळत नसल्याचे लिहिले होते. पूर्ण तपासणी केलेली नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, आणि तिला कोणी काही सांगितले नव्हते. "बाईमाणूस आहे, कोसळेल," असे घरच्यांनी डॉक्टरांना बजावले होते आणि डॉक्टरांनी ते मानले होते. त्या चार दिवसांत तिने मंगळसूत्र गहाण टाकले होते आणि बचत गटाचे कर्ज उचलले होते. कोसळेल म्हणून जिला सत्य सांगायचे नाही, तिच्याकडून पैसे घेताना मात्र ती कोसळेल असे कुणालाच वाटले नाही.

यामागे केवळ माणसांचा हलगर्जीपणा नाही, कायद्यातली फटही आहे. मेंदूस्तंभमृत्यूची व्याख्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातल्या व्याख्येत मेंदूचे नावही नाही. परिणाम असा की अवयवदानाची शक्यता असेल तर तपासण्या होतात, चौघे डॉक्टर जमतात. दानाची शक्यता नसेल किंवा नातेवाईक नाही म्हणाले, तर कित्येक ठिकाणी मृत्यू प्रमाणित करायलाच कोणी धजत नाही. यंत्र चालू राहते, बिल चालू राहते, आणि हृदय आपोआप थांबण्याची वाट पाहिली जाते. केरळ सरकारने २०२० मध्ये, अवयवदान होवो वा न होवो, मेंदूमृत्यू निश्चित करण्याची कार्यपद्धती आखून दिली. मृत्यूचे सत्य कळण्यासाठी अवयव द्यावे लागू नयेत, हे तत्त्व साऱ्या देशाने स्वीकारायला हवे.

सही कोणाची?

मृत व्यक्तीने जिवंतपणी लेखी संमती दिलेली नसेल तर दानाचा निर्णय जवळच्या नातेवाइकांकडे येतो. जवळचे म्हणजे कोण? कायद्याच्या यादीत पती-पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण आहेत, आणि २०११ पासून आजी-आजोबा व नातवंडे. या यादीत पुरुषाला बाईच्या वर ठेवलेले नाही. नवरा गेला असेल तर बायकोचा शब्द सासऱ्याच्या शब्दापेक्षा हलका नाही. अठरा वर्षांखालील मूल असेल तर आई किंवा वडील, दोघांपैकी कोणीही संमती देऊ शकते. जवळच्या नातेवाइकाचा आक्षेप असल्याचे दिसत असेल तर परवानगी देता येत नाही. म्हणजे कायद्याने बाईला जागा दिली आहे. ती जागा प्रथेने, आणि "घरातल्या कर्त्या पुरुषाला बोलवा" म्हणणाऱ्या रुग्णालयाने काढून घेतली आहे.

आता याच यादीकडे दुसऱ्या बाजूने पाहा. मेंदूमृत झालेली व्यक्ती सून असेल तर? सासू, सासरे, दीर या यादीत नाहीत. तिची आई आहे, वडील आहेत, बहीण-भाऊ आहेत. लग्न झाले म्हणून मुलगी आईची जवळची नातेवाईक राहत नाही, असे कायदा म्हणत नाही. पण नवराही यादीत आहे. आणि गळफास, "जिन्यावरून पडली", "न्हाणीत घसरली" या कारणांनी यंत्रावर आलेल्या तरुण सुना आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. लग्नानंतर सात वर्षांच्या आतला असा मृत्यू म्हणजे पोलीस तपास आणि शवविच्छेदन आवश्यक. चौकशी होणार असलेल्या मृत्यूत अवयव काढण्यावर कायद्यानेच बंधने घातली आहेत. तरीही माहेरचे पोचायच्या आत एखाद्या घरात सहीची घाई होताना दिसली, तर आपल्या कार्यकर्तीने तिथे उभे राहून विचारलेच पाहिजे. पुरावा देहावरच असतो, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच सहीवर विसंबता येत नाही.

दानाला विरोध नाही

कोणी असा अर्थ काढू नये की आम्ही अवयवदानाच्या विरोधात आहोत. उलट मृत्यूनंतरचे दान वाढणे हा बायकांच्या हिताचाच प्रश्न आहे. आपल्या देशात बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या अवयवांवर होतात आणि या जिवंत दात्यांत बहुसंख्य बायका असतात. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते, बहीण भावाला देते. घेणारे कोण? १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची होती आणि ६,९४५ स्त्रियांची. देताना बाई पुढे, घेताना मागे. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रतीक्षायादीत स्त्री रुग्णांना प्राधान्य देण्याची सूचना राज्यांना केली, ते याच विषमतेमुळे. मृत दात्यांकडून अवयव मिळू लागले तर बायकोच्या मूत्रपिंडावरचा घरचा डोळा जरा हलेल. पण हे दान विश्वासावर चालते, आणि विश्वास दाराबाहेर बसलेल्या बाईला सत्य सांगितल्याने येतो.

मृत बाईचाही देह

निकष पाळले तरी बाईच्या देहावर सत्ता कोणाची हा प्रश्न संपत नाही, हे अमेरिकेतल्या दोन घटनांनी दाखवले. नोव्हेंबर २०१३ मध्ये टेक्सास राज्यात मार्लीस मुन्योझ ही गर्भवती स्त्री मेंदूमृत झाली. यंत्र बंद करावे अशी नवऱ्याची आणि आईवडिलांची मागणी होती. गर्भवतीचे उपचार थांबवता येत नाहीत या राज्याच्या कायद्याकडे बोट दाखवून रुग्णालयाने नकार दिला. नवरा न्यायालयात गेला. मृत व्यक्तीला हा कायदा लागू होत नाही असा निकाल जानेवारी २०१४ मध्ये लागला तेव्हा यंत्र थांबले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जॉर्जिया राज्यात ॲड्रियाना स्मिथ ही परिचारिका गर्भवती असताना मेंदूमृत झाली. गर्भपातबंदीच्या कायद्यामुळे यंत्र काढता येत नाही असे आपल्याला सांगितले गेले, असे तिच्या आईने जाहीरपणे म्हटले. कायद्यात अशी सक्ती नाही, असे राज्याच्या महाधिवक्त्यांचे कार्यालय म्हणाले. पण तोवर आणि त्यानंतरही यंत्र चालूच राहिले. जून २०२५ मध्ये शस्त्रक्रियेने बाळ बाहेर काढले गेले आणि मग यंत्र बंद झाले. निर्णय काय व्हावा यावर आपल्यात मतभेद असू शकतील. पण तो घरच्यांच्या हातात नव्हता, हेच त्या आईचे दुःख होते. पुरुषाच्या मृत देहापुढे हा प्रश्न कधीच येत नाही.

आपण काय करायचे?

प्रत्येक गटाने एका बैठकीत हा विषय घ्यावा. जवळच्या रुग्णालयातल्या समाजसेवकांना, प्रत्यारोपण समन्वयकांना बोलवावे. समन्वयकाच्या पदासाठी समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला नियमांनीच पसंती दिली आहे. म्हणजे हे काम आमच्या व्यवसायाचे आहे, आणि त्याचा जाब आमच्याकडे मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आणि हे प्रश्न प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवेत :

१. मेंदूला इजा कशाने झाली? ती बरी न होणारी आहे हे कशावरून ठरवले?

२. झोपेची, भुलीची किंवा स्नायू शिथिल करणारी औषधे शेवटची कधी दिली?

३. 'ब्रेन डेड' हा अंदाज आहे की तपासणीचा निष्कर्ष? पहिली तपासणी किती वाजता झाली, दुसरी किती वाजता?

४. श्वासाची तपासणी झाली का? नमुना क्रमांक १० वर चौघांच्या सह्या झाल्या का?

५. त्यांपैकी कोणी प्रत्यारोपणाच्या चमूत आहे का?

६. आम्ही दानाला नाही म्हटले तर यंत्राचे आणि बिलाचे पुढे काय?

या प्रश्नांची उत्तरे देणे हे डॉक्टरांचे उपकार नाहीत. चांगले डॉक्टर ती आनंदाने देतात, हाही माझा अनुभव आहे.

सरकारकडे आपल्या मागण्या तीन. अवयवदान असो वा नसो, मेंदूमृत्यू ठरवण्याची आणि नोंदवण्याची एकच पद्धत महाराष्ट्रात लागू करा. पत्नीला, आईला, मुलीला समोर बसवून, त्यांच्या भाषेत मृत्यूची माहिती देणे बंधनकारक करा, आणि ती दिल्यानंतरच दानाचा विषय काढा. विवाहित स्त्रीच्या अनैसर्गिक मृत्यूत माहेरच्यांना कळवल्याशिवाय कोणतीही संमती ग्राह्य धरू नका.

शेवटी, घरातल्या घरात करण्याजोगे एक काम. आपल्या पाठीमागे आपल्या देहाचे काय व्हावे हे आजच आपल्या माणसांना सांगा, शक्य असेल तर लिहून ठेवा. हो म्हणायचे असेल तर हो लिहा, नाही म्हणायचे असेल तर नाही. जिवंतपणी देहाबद्दल बोलायला आपण एकमेकींकडून शिकलो. हेही तसेच शिकू. आपल्या गटात या विषयावर काय बोलणे झाले ते पत्राने जरूर कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवली आहे.

– संपादक मंडळाच्या वतीने